वर्तुळाकार त्वरक : वळणाची किंमत आणि वळणाचे फळ

द्रव्याच्या अंतरंगात जितके खोल पाहावयाचे असेल तितकी अधिक ऊर्जा खर्चावी लागते, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, पुंजयामिकीनुसार प्रत्येक गतिमान कण तरंगासारखाही वागतो व त्याचा संवेग, म्हणजे ढोबळमानाने वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, जसजसा वाढतो तसतशी त्या तरंगाची लांबी घटत जाते. पाहावयाची वस्तू या तरंगलांबीहून बरीच लहान असेल, तर तिचे तपशील त्या तरंगाने उमगत नाहीत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या व्यासाच्या हजारो पट असल्यामुळे अणूचे, आणि अणूहूनही हजारो पटींनी लहान असलेल्या अणुकेंद्राचे अंतरंग जाणण्यासाठी वेगवान कणांचा आधार घ्यावा लागतो. दुसरे कारण आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतातून येते : ऊर्जेचे वस्तुमानात रूपांतर होऊ शकते, त्यामुळे दोन कणांची पुरेशा ऊर्जेने टक्कर घडवली तर तेथे आधी नसलेले, अधिक वस्तुमानाचे कण त्या टकरीतून जन्माला येतात.

विद्युतभारित कणांना अशी ऊर्जा देणाऱ्या यंत्राला कण-त्वरक किंवा नुसते त्वरक म्हणतात. काही त्वरकांत कण सरळ रेषेत धावतात, तर काहींत ते वर्तुळात फिरवले जातात. कणाला वळवले की तो पुन्हा त्याच जागी येतो आणि त्याला तोच लहानसा धक्का पुन्हा देता येतो, हा वर्तुळाचा मोठा लाभ आहे. परंतु कण वळवावयाचा तर निसर्ग दरवेळी काही ना काही किंमत मागतो. या किमतीचा नेमका हिशेब मांडण्यातून आणि ती भागवण्याच्या युक्त्यांतून वर्तुळाकार त्वरकांचा इतिहास घडला आहे, आणि त्या इतिहासाचे विशेष असे की, एका पिढीला जो अडसर वाटला तो पुढच्या पिढीच्या हातात अनेकदा संशोधनाचे साधन म्हणून आला.

लहान धक्का, पुन्हा पुन्हा

कणांची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मोजतात. एका इलेक्ट्रॉनाएवढा विद्युतभार असलेला कण एक व्होल्ट विद्युत दाबातून गेल्यावर त्याला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉनव्होल्ट होय. अर्न्स्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली आणि १९१९ मध्ये नायट्रोजनच्या अणुकेंद्राचे कृत्रिम रूपांतर घडल्याचे दाखवून दिले, तेव्हा त्यांच्या हाती किरणोत्सारी पदार्थांतून आपोआप बाहेर पडणारे आल्फा कण एवढेच साधन होते. या कणांची ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असली, तरी त्यांची संख्या तुटपुंजी होती आणि ऊर्जा हवी तशी कमीजास्त करता येत नव्हती. म्हणून त्याहून अधिक ऊर्जेचे कण प्रयोगशाळेत मुबलक तयार करता यावेत, अशी अपेक्षा त्यांनी १९२७ मध्ये रॉयल सोसायटीपुढील भाषणात व्यक्त केली.

त्या दिशेने पहिले मोठे यश रदरफोर्ड यांच्याच केंब्रिज येथील प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांना मिळाले. त्यांनी लाखो व्होल्टांच्या दाबातून प्रोटॉन नेऊन १९३२ मध्ये लिथियमचे अणुकेंद्र फोडले. मात्र या पद्धतीत कणाला एकाच मोठ्या दाबातून जावे लागते आणि दाब वाढवत नेला की हवेतून व विद्युतरोधक आधारांवरून ठिणग्या उडू लागतात, त्यामुळे तिला लवकरच मर्यादा पडते. मोठ्या दाबाऐवजी लहान दाब अनेकदा वापरावा, ही कल्पना स्वीडनचे गुस्टाफ इसिंग यांनी १९२४ मध्ये सुचवली होती आणि नॉर्वेचे रॉल्फ विडरो यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती प्रयोगाने सिद्ध केली होती. त्यांच्या यंत्रात कण सरळ नळ्यांच्या मालिकेतून जात आणि दोन नळ्यांमधील प्रत्येक फटीत त्यांना धक्का मिळे. हा जर्मन निबंध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रंथालयात तरुण भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या पाहण्यात आला. अधिक ऊर्जेसाठी नळ्यांची रांग फार लांब करावी लागेल, हे लक्षात घेऊन त्यांनी कणच वळवून पुन्हा पुन्हा एकाच फटीत आणण्याचा विचार केला, आणि त्यातून सायक्लोट्रॉन हा पहिला वर्तुळाकार त्वरक जन्माला आला.

या यंत्रात दोन प्रकारची क्षेत्रे दोन वेगळी कामे करतात. चुंबकीय क्षेत्र कणाच्या गतीच्या दिशेला काटकोनात बल लावते, त्यामुळे कणाची दिशा बदलते पण त्याची ऊर्जा वाढत नाही. ऊर्जा वाढवण्याचे काम विद्युत क्षेत्राचे असते. शेतात पाखरे उडवताना गोफणीची दोरी दगडाला वर्तुळात धरून ठेवते आणि हाताचा झटका त्याचा वेग वाढवत नेतो, तशीच ही विभागणी आहे. सायक्लोट्रॉनमध्ये धातूचे दोन पोकळ अर्धवर्तुळाकार डबे समोरासमोर ठेवून ते निर्वात पात्रात, मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बसवलेले असतात. डब्यांमधील फट ओलांडताना कणाला विद्युत धक्का बसतो, डब्याच्या आत तो अर्धवर्तुळात वळतो आणि पुन्हा फटीशी येईपर्यंत विद्युत दाबाची दिशा उलटलेली असल्यामुळे त्याला पुन्हा पुढेच ढकलले जाते. प्रत्येक धक्क्यागणिक त्याचा वेग व मार्गाची त्रिज्या वाढत जाऊन तो चक्राकार मार्गाने बाहेरच्या कडेकडे सरकतो.

हे सारे जुळून येते ते एका सुखद योगामुळे. कणाचा वेग दुप्पट झाला तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्याही दुप्पट होते, म्हणून एक फेरी पूर्ण करण्यास लागणारा वेळ बदलत नाही आणि विद्युत दाब एकाच ठरावीक कंप्रतेने, म्हणजे सेकंदाला ठरावीक आवर्तनांनी, उलटसुलट केला तरी सर्व कण वेळेवर फटीशी हजर होतात. लॉरेन्स यांचे विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांनी १९३१ च्या आरंभी सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाच्या पितळी उपकरणात, दोन हजार व्होल्टांहूनही कमी दाब वापरून ८० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे आयन मिळवले. म्हणजेच एकच लहान धक्का चाळीसहून अधिक वेळा उपयोगी पडला होता. पुढच्याच वर्षी सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाच्या सायक्लोट्रॉनने दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टांचा टप्पा ओलांडला.

या यंत्रांनी अणुकेंद्रांच्या रसायनाचे एक नवे दालन उघडले. सायक्लोट्रॉनमध्ये वापरलेल्या मॉलिब्डेनमच्या तुकड्यात इटलीतील एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिये यांना १९३७ मध्ये टेक्नेशियम हे पहिले कृत्रिम मूलद्रव्य सापडले; पुरातन अवशेषांचे वय ठरवण्यासाठी आज ज्याचा आधार घेतला जातो तो कार्बन-१४ हा समस्थानिक १९४० मध्ये बर्कलीतच ओळखला गेला; आणि प्लुटोनियमची पहिली निर्मितीही तेथील सायक्लोट्रॉननेच झाली. लॉरेन्स यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा हे यंत्र जगातील अनेक प्रयोगशाळांत पोहोचू लागले होते. भारतात मेघनाद साहा यांनी १९४० च्या दशकात कलकत्ता येथे सायक्लोट्रॉन उभारण्याचे काम हाती घेतले आणि त्यांचे विद्यार्थी बी. डी. नागचौधुरी यांनी त्यासाठी लॉरेन्स यांच्याच प्रयोगशाळेत प्रशिक्षण घेतले होते.

सापेक्षतेने घातलेली मर्यादा

सायक्लोट्रॉनच्या यशाचे मूळ असलेला योगच त्याच्या मर्यादेचेही कारण ठरला. कणाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाऊ लागला की सापेक्षता सिद्धांतानुसार त्याचे जडत्व वाढते, त्यामुळे फेरीला लागणारा वेळ लांबतो आणि कण फटीशी उशिरा पोहोचू लागतो. हा उशीर फेरीगणिक साचत जाऊन अखेर पुढे ढकलणारा धक्का मागे ओढणारा ठरतो. प्रोटॉनाच्या बाबतीत २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या सुमारास जडत्वाची वाढ दोन टक्क्यांच्या आसपास जाते, आणि तेवढीही साध्या सायक्लोट्रॉनला अडचणीत आणण्यास पुरेशी असते.

या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. एल. एच. थॉमस यांनी १९३८ मध्ये सुचवलेल्या वाटेत चुंबकीय क्षेत्र कडेकडे वाढत जाते, त्यामुळे जड झालेला कण अधिक जोराने वळून वेळेवर पोहोचतो. मात्र अशा क्षेत्रात कणांचा झोत वरखाली विखुरतो, म्हणून ध्रुवांवर आळीपाळीने उंच-सखल खंड ठेवून त्याला आवरावे लागते. या तत्त्वावरील सायक्लोट्रॉन आजही कार्यरत असून कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधील २२४ सेंटिमीटर ध्रुव-व्यासाचे, १९७७ मध्ये सुरू झालेले यंत्र याच कुळातील आहे.

दुसरी वाट अधिक दूरवर नेणारी ठरली. सोव्हिएत रशियातील व्लादिमीर वेक्सलर यांनी १९४४ मध्ये आणि त्यांच्या कार्याची माहिती नसलेले बर्कलीचे एडविन मॅकमिलन यांनी १९४५ मध्ये असे दाखवून दिले की, कण कोणत्या क्षणी धक्क्याच्या जागी पोहोचतो यावर धक्क्याचे मान अवलंबून असल्यामुळे, योग्य क्षण निवडला तर कमी ऊर्जेच्या कणाला आपोआप थोडा मोठा आणि अधिक ऊर्जेच्या कणाला थोडा लहान धक्का मिळतो. या गुणधर्माला कला-स्थैर्य म्हणतात. त्यामुळे कोट्यवधी कणांचा समूह एका आदर्श कणाभोवती किंचित मागेपुढे होत एकत्र राहतो आणि चुंबकीय क्षेत्र व विद्युत क्षेत्राची कंप्रता ही दोन्ही सावकाश बदलत नेली तरी तो सोबत येतो. याच तत्त्वावर सिंक्रोट्रॉन उभा राहिला : त्यात कणांची ऊर्जा वाढते तसे चुंबकीय क्षेत्रही वाढवत नेतात, म्हणून कण चक्राकार पसरण्याऐवजी एकाच त्रिज्येच्या अरुंद नळीत फिरत राहतात. संपूर्ण वर्तुळ व्यापणाऱ्या अवाढव्य चुंबकाची आता गरज उरली नाही. नळीभोवती चुंबकांचे वलय पुरेसे झाले.

अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील कॉस्मोट्रॉनने १९५२ मध्ये शंभर कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टांची, म्हणजे एक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची मर्यादा ओलांडली. त्यानंतर बर्कली येथे बेव्हाट्रॉन हा सुमारे ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांचा सिंक्रोट्रॉन उभारला गेला, आणि त्याची ही ऊर्जा विचारपूर्वक निवडलेली होती. प्रोटॉनाएवढ्याच वस्तुमानाचा पण ऋण विद्युतभाराचा प्रतिप्रोटॉन निर्माण होण्यासाठी तेवढी ऊर्जा लागेल, असे गणित सांगत होते. १९५५ मध्ये सेग्रे, ओवेन चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच यंत्राच्या साहाय्याने प्रतिप्रोटॉन शोधून काढला.

झोत आवळण्याची युक्ती

वलयाची पुढची किंमत लोखंडाच्या रूपाने समोर आली. कण लाखो फेऱ्या मारत असताना त्यांच्या दिशेतील अतिसूक्ष्म फरक वाढत जातात आणि त्यांना मार्गावर परत आणणारे चुंबकीय क्षेत्र सौम्य असेल, तर झोत रुंदावतो. रुंद झोताला रुंद नळी, रुंद नळीला मोठे चुंबक आणि मोठ्या चुंबकाला अधिक लोखंड लागते. दुब्ना येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या १० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या सोव्हिएत यंत्राच्या चुंबकाचे वजन तब्बल ३६ हजार टन होते. याच रीतीने पुढे जावयाचे म्हटले असते, तर त्वरकांची वाढ तेथेच खुंटली असती.

यावरील उपाय ब्रुकहेवन येथे १९५२ मध्ये अर्नेस्ट कूरांट, स्टॅन्ली लिव्हिंगस्टन आणि हार्टलँड स्नायडर यांनी शोधला. ग्रीक अभियंते निकोलस क्रिस्टोफिलोस यांनी त्याआधीच तो स्वतंत्रपणे मांडला होता. चार ध्रुवांचा चुंबक झोताला आडव्या दिशेने आवळतो, पण त्याच वेळी उभ्या दिशेने पसरवतो. असा एक चुंबक एकटा निरुपयोगी ठरतो, परंतु एकानंतर एक उलट मांडणीचे चुंबक ठेवले तर दोन्ही दिशांनी मिळून होणारा परिणाम आवळण्याचाच होतो, कारण झोत ज्या ठिकाणी रुंद असतो तेथे आवळणारे बल अधिक असते आणि जेथे तो अरुंद असतो तेथे पसरवणारे बल कमी पडते. या प्रबळ एकत्रीकरणामुळे झोत अतिशय बारीक ठेवता येऊ लागला.

युरोपातील राष्ट्रांनी १९५४ मध्ये जिनिव्हाजवळ स्थापन केलेल्या सर्न या संस्थेने आपल्या पहिल्या मोठ्या यंत्राचा आराखडा स्थापनेच्या तयारीच्या काळातच, ही कल्पना प्रसिद्ध होताच, बदलला आणि १९५९ मध्ये ६२८ मीटर परिघाचा प्रोटॉन सिंक्रोट्रॉन कार्यान्वित केला. दुब्नाच्या यंत्राच्या तुलनेत त्याच्या चुंबकांचे वजन दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते, ऊर्जा मात्र अडीच पटींहून अधिक होती. हे यंत्र आजही चालू असून सर्नमधील प्रोटॉन मोठ्या वलयात जाण्याआधी त्यातूनच पुढे जातात.

समोरासमोरच्या टकरी

पन्नासच्या दशकापर्यंत बहुतेक प्रयोगांत वेगवान कण एखाद्या स्थिर लक्ष्यावर आदळवले जात. त्यात ऊर्जेचा मोठा अपव्यय होतो, कारण टकरीनंतर निर्माण होणारे कण संवेगाच्या अक्षय्यतेमुळे पुढेच धावत राहतात आणि झोताची बरीचशी ऊर्जा त्या धावेतच गुंतून पडते. दोन झोत समोरासमोर आदळवले तर ही अडचण राहत नाही आणि दोन्ही झोतांची संपूर्ण ऊर्जा नवनिर्मितीला उपलब्ध होते. सर्नच्या सध्याच्या मोठ्या यंत्रातील प्रत्येक प्रोटॉनाची ऊर्जा ६.८ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ६ लाख ८० हजार कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. स्थिर लक्ष्यावर तेवढ्याच परिणामाची टक्कर घडवावयाची झाल्यास झोताची ऊर्जा जवळजवळ एक लाख टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट असावी लागेल, आणि तसे यंत्र पृथ्वीवर बांधणे अशक्यप्राय आहे.

समोरासमोरच्या टकरींसाठी वलय विशेष सोयीचे असते. झोत अत्यंत विरळ असल्यामुळे एका भेटीत फारच थोडे कण एकमेकांवर आदळतात. परंतु वलयात न आदळलेले कण वाया जात नाहीत, ते फिरून पुन्हा भेटतात आणि हा क्रम तासन्‌तास चालू ठेवता येतो. ब्रुनो तौशेक यांच्या पुढाकाराने इटलीतील फ्रास्काती येथे १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांना एकाच वलयात उलट दिशांनी फिरवणारे पहिले लहान यंत्र तयार झाले, आणि सर्नमध्ये १९७१ मध्ये प्रोटॉनांच्या दोन झोतांची टक्कर प्रथमच घडवण्यात आली.

कार्लो रुबिया यांनी पुढे सर्नमधील सुमारे ७ किलोमीटर परिघाच्या वलयात प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांची टक्कर घडवण्याचा प्रस्ताव मांडला. प्रतिप्रोटॉन मोठ्या कष्टाने आणि विस्कळीत गतीने निर्माण होत असल्याने त्यांचा दाट झोत बनवणे हीच खरी अडचण होती. सायमन व्हान डेर मेर यांनी वलयाच्या एका जागी कणसमूहाचे सरासरी विचलन मोजून दुसऱ्या जागी त्यानुसार दुरुस्तीचा धक्का देण्याची पद्धत विकसित करून ती सोडवली. त्यामुळे १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड हे कण सापडले. किरणोत्साराच्या काही प्रकारांना कारणीभूत असणारे मंद बल हेच कण वाहून नेतात, आणि त्यांच्या शोधाने मंद बल व विद्युतचुंबकीय बल यांना एकत्र गुंफणाऱ्या सिद्धांताला भक्कम आधार मिळाला. रुबिया आणि व्हान डेर मेर यांना पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक देण्यात आले. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या टेव्हाट्रॉन या वलयात १९९५ मध्ये टॉप क्वार्क हा सर्वांत जड मूलकण सापडला आणि त्या शोधातील दोन प्रयोगगटांपैकी एकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते.

गळती ठरलेला प्रकाश

विद्युतभारित कण वळला की तो विद्युतचुंबकीय प्रारणाच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकतो, आणि वर्तुळाकार त्वरकांची ही सर्वांत अटळ किंमत आहे. समान ऊर्जेच्या व समान त्रिज्येवर फिरणाऱ्या कणांत ही हानी वस्तुमानाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनापेक्षा सुमारे १,८३६ पटींनी हलका असल्यामुळे त्याची हानी दहा लाख कोटी पटींहून अधिक भरते. सर्नने १९८९ मध्ये २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचे यंत्र सुरू केले आणि त्याच्या मोजमापांतून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच असल्याचे पक्के केले. पण त्याच्या अखेरच्या काळात सुमारे १०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाची जवळपास तीन टक्के ऊर्जा एकेका फेरीत प्रारणाने निघून जात होती आणि ती दर फेरीला भरून काढावी लागत होती. इलेक्ट्रॉनांच्या वलयाला याहून फार पुढे जाणे कठीण आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

हीच गळती दुसऱ्या शास्त्रांना मात्र अनमोल देणगी ठरली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका लहान सिंक्रोट्रॉनमधून बाहेर पडणारा झगझगीत प्रकाश १९४७ मध्ये प्रथम डोळ्यांनी पाहिला गेला, आणि पुढे केवळ हा प्रकाश मिळवण्यासाठी इलेक्ट्रॉनांची वलये बांधली जाऊ लागली. सिंक्रोट्रॉन प्रारण अतिशय तीव्र व अरुंद शलाकेत एकवटलेले असते आणि त्यातून अवरक्त किरणांपासून क्ष-किरणांपर्यंत हवी ती तरंगलांबी निवडता येते. स्फटिकावर असे क्ष-किरण टाकून ते कसे विखुरतात हे पाहिले की रेणूतील अणूंची मांडणी कळते. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना याच मार्गाने उलगडली आणि त्याबद्दल व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्स व अदा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन भारतीय वलये आहेत. त्यांपैकी इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट असून देशभरातील विद्यापीठांचे संशोधक आपापले नमुने घेऊन तेथे प्रयोगासाठी येतात.

सत्तावीस किलोमीटरांचे वलय

इलेक्ट्रॉनांच्या यंत्राने रिकामे केलेल्या त्याच भुयारात आज लार्ज हॅड्रॉन कोलायडर हा जगातील सर्वांत मोठा वर्तुळाकार त्वरक आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेखाली, जमिनीच्या पोटात सुमारे शंभर मीटरवर असलेल्या या वलयात प्रोटॉन दोन स्वतंत्र नळ्यांतून उलट दिशांनी फिरतात. प्रोटॉनांची प्रारणहानी नगण्य असली तरी त्यांना वळवणे अवघड असते, कारण ऊर्जा वाढेल तसे अधिक तीव्र चुंबकीय क्षेत्र किंवा अधिक मोठे वर्तुळ लागते. लोखंडी गाभ्याच्या साध्या चुंबकांचे क्षेत्र २ टेस्लाच्या आसपास थिटे पडते. तेच वापरले असते तर या यंत्राचा परीघ शंभर किलोमीटरहून अधिक ठेवावा लागला असता. म्हणून येथे अतिसंवाहक चुंबक वापरले आहेत. अतिसंवाहक म्हणजे अतिशीत तापमानाला विद्युत रोध पूर्णपणे नाहीसा होणारा पदार्थ. नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी द्रवरूप हेलियमने उणे २७१ अंश सेल्सियसपर्यंत थंड केली की त्यांतून हजारो अँपिअर प्रवाह विनाअडथळा वाहतो आणि ८.३ टेस्ला इतके क्षेत्र मिळू शकते. वळवण्याचे काम करणारे असे १,२३२ चुंबक या वलयात असून प्रत्येकाची लांबी सुमारे १५ मीटर आहे.

लॉरेन्स यांच्या मूळ कल्पनेची ताकद या यंत्राच्या आकड्यांतून सर्वाधिक प्रत्ययाला येते. प्रोटॉन येथे ४५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने प्रवेश करतात, सेकंदाला अकरा हजारांहून अधिक फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा सरासरी जेमतेम पाच लाख इलेक्ट्रॉनव्होल्टांनी वाढते. हा धक्का कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन यांच्या काळातील दाबांच्याच तोडीचा आहे. पण सुमारे वीस मिनिटांत अशा सव्वा कोटीहून अधिक फेऱ्या होत असल्यामुळे अखेरची ऊर्जा पंधरा पटींवर पोहोचते.

पूर्ण क्षमतेने चालताना प्रोटॉनांचे पुंज दर २५ अब्जांश सेकंदाला एकमेकांना भेदून जातात, आणि टकरींतून उडणारे कण टकरीच्या जागांभोवती उभारलेली डिटेक्टर नावाची प्रचंड यंत्रे टिपतात. त्यांपैकी ॲटलास ४६ मीटर लांब असून सीएमएसचे वजन १४ हजार टन आहे. मूलकणांना वस्तुमान कसे प्राप्त होते या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९६४ मध्ये पीटर हिग्ज, फ्रांस्वा आँग्लेर, रॉबर्ट ब्राउट आणि इतरांनी सर्वत्र पसरलेल्या एका क्षेत्राची कल्पना मांडली होती; त्या क्षेत्राचा निदर्शक असलेला हिग्ज बोसॉन शंभर कोटींहून अधिक टकरींमागे एखाद्या वेळी निर्माण होतो आणि क्षणार्धात विघटित होतो. दोन्ही डिटेक्टरांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्यावर ४ जुलै २०१२ रोजी त्याच्या शोधाची घोषणा झाली. याच वलयात शिशाची अणुकेंद्रे आदळवून, विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत असलेली, प्रोटॉन ज्यांचे बनलेले असतात त्या क्वार्क व ग्लुऑन या कणांची मोकळी अवस्थाही अभ्यासली जाते.

या यंत्राच्या बांधणीत भारताचा वाटा ठोस स्वरूपाचा आहे. अनेक टन वजनाचे चुंबक मिलिमीटरच्या अंशाइतक्या अचूकतेने जागेवर बसवणारे सात हजारांहून अधिक आधार आणि क्षेत्रातील बारीक दोष दूर करणारे अतिसंवाहक चुंबक इंदूरच्या केंद्राच्या पुढाकाराने पुरवले गेले, तर सीएमएसच्या बाहेरील ऊर्जामापकाचा एक भाग टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातून घडला. भारत २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

रुग्णालयात पोहोचलेले वलय

मूलभूत संशोधनात मागे पडलेला साधा सायक्लोट्रॉन वैद्यकात मात्र आजही आवश्यक आहे. कर्करोगाचा शरीरातील प्रसार दाखवणाऱ्या पेट तपासणीसाठी फ्लोरीन-१८ हा समस्थानिक वापरतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातील निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, ११० मिनिटांच्या आसपास असल्याने तो साठवून ठेवता येत नाही आणि रुग्णालयाच्या जवळपासच्या सायक्लोट्रॉनमध्येच तयार करावा लागतो. मुंबईत परळ येथील विकिरण वैद्यक केंद्रात या शतकाच्या आरंभी असा सायक्लोट्रॉन बसवण्यात आला.

उपचारांतही वेगवान प्रोटॉनांचे स्थान वाढत आहे. क्ष-किरण शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेत सर्वत्र ऊर्जा सोडत जातात. प्रोटॉन मात्र आपली बहुतांश ऊर्जा थांबण्याच्या जागी सोडतो आणि ही जागा त्याच्या सुरुवातीच्या ऊर्जेवरून ठरवता येते, त्यामुळे गाठीपलीकडील निरोगी अवयव वाचवता येतात. हा उपचार १९४६ मध्ये सुचवणारे रॉबर्ट विल्सन हे लॉरेन्स यांचे विद्यार्थी होते आणि पुढे फर्मी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत आता प्रोटॉन उपचारांची सोय झाली असून तेथील झोताचा उगमही एका सायक्लोट्रॉनमध्येच आहे.

पुढच्या वलयाचा प्रश्न

हिग्ज बोसॉन सापडल्याने मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धांताची चौकट पूर्ण झाली, परंतु विश्वातील बहुतांश द्रव्य असलेले कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, प्रतिद्रव्याच्या तुलनेत द्रव्य इतके अधिक का उरले आणि हिग्ज बोसॉन स्वतःशीच कशी अन्योन्यक्रिया करतो, हे प्रश्न अनुत्तरित आहेत. त्यांच्यासाठी सध्याच्या यंत्राची टकरींची संख्या अनेक पटींनी वाढवण्याचे काम चालू आहे, आणि त्यानंतर ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या वलयाचा प्रस्ताव सर्नपुढे आहे. याशिवाय म्यूऑन हे कण फिरवण्याचाही विचार होत आहे. ते इलेक्ट्रॉनापेक्षा सुमारे २०७ पटींनी जड असल्यामुळे त्यांची प्रारणहानी अत्यल्प असते, मात्र स्थिर असताना त्यांचे आयुष्य सरासरी दोन मायक्रोसेकंदांच्या आसपासच असल्याने त्यांना तयार करून, आवळून आणि वेग देऊन टकरीला आणण्याची घाई निराळीच आहे.

एवढा मोठा खर्च कशासाठी करावा, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे शास्त्रज्ञांना शोभणारे नाही. अमेरिकेने टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरांचे वलय बांधावयास घेतले होते, पण खर्च वाढत गेल्यावर तेथील संसदेने १९९३ मध्ये, भुयाराचा काही भाग खणून झाल्यानंतर, तो प्रकल्प रद्द केला. मोठी वलये केवळ शास्त्रीय गरजेवर उभी राहत नाहीत, त्यांना समाजाची दीर्घकाळ टिकणारी संमती लागते, हा त्या घटनेचा धडा आहे. ही संमती मागताना परळ, खारघर आणि इंदूर येथे आलेल्या फळांचा दाखला देणे योग्यच आहे; मात्र लॉरेन्स, वेक्सलर किंवा तौशेक यांच्यापैकी कोणी ती फळे समोर ठेवून कामाला लागले नव्हते, आणि पुढच्या वलयातून नेमके कोणते फळ येईल याचे आश्वासन आज कोणी देऊ शकत नाही. खात्रीने सांगता येते ते इतकेच की, निसर्गाने वळणासाठी मागितलेली प्रत्येक किंमत बारकाईने समजून घेण्याचे कष्ट ज्या ज्या वेळी घेतले गेले, त्या त्या वेळी मानवाच्या ज्ञानात आणि साधनांत भर पडली आहे. म्हणून पुढचा निर्णय घेताना खर्चाच्या आकड्यांइतकेच वजन त्या वलयातून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांनाही मिळावयास हवे.